हर्ट्झ: गाडी झकास, पण कंपनीच्या वहीवर विसंबू नका

उन्हाळा आला की इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, प्रत्येक मराठी व्हॉट्सॅप ग्रुपवर तोच प्रश्न फिरतो. आई-बाबा येतायत, वेगासला उतरून ग्रँड कॅन्यन करायचंय, भाड्याची गाडी कुणाकडून घेऊ, आणि हर्ट्झची घेतली तर पोलीस धरतात म्हणे, ते खरं का? दरवेळी तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी गाडीबद्दल. मी हर्ट्झ बऱ्याचदा घेतलीय आणि गाडीच्या बाबतीत माझी तक्रार नाही. गोल्ड प्लस रिवॉर्ड्सची मेंबरशिप फुकट असते, ती आधीच करून ठेवा, कारण मोठ्या एअरपोर्टवर मग काउंटरच्या रांगेत उभंच राहावं लागत नाही, सरळ पार्किंगमध्ये जायचं, गाडीत बसायचं, गेटवर लायसन्स दाखवायचं की बाहेर. लांबच्या विमानप्रवासानं पाय सुजलेले आई-बाबा सोबत असले की याची किंमत कळते. गाड्या बहुतेक नव्याकोऱ्या, एसी कडक, डिकीत चार मोठ्या बॅगा बसल्या (पाचवीत चिवडा आणि लोणचं होतं, ती आईनं मांडीवरच धरली).

प्रश्न गाडीचा नाहीच, कंपनीच्या हिशोबाचा आहे.

कंपनी जुनी. १९१८ मध्ये शिकागोत वॉल्टर जेकब्स नावाच्या पोरानं डझनभर फोर्ड मॉडेल टी घेऊन भाड्याचा धंदा काढला, १९२३ मध्ये तो जॉन हर्ट्झला विकला, आणि हा हर्ट्झ म्हणजे पिवळ्या टॅक्सीवाला. पुढे कंपनी इतकी मोठी झाली की एव्हिस या स्पर्धक कंपनीनं १९६२ मध्ये 'आम्ही दुसऱ्या नंबरवर, म्हणून जास्त झटतो' अशी जाहिरातच केली. आज बाजार तीन घराण्यांचा आहे. एंटरप्राइझ, नॅशनल, अलामो हे एक घर, एव्हिस-बजेट दुसरं, आणि हर्ट्झ, डॉलर, थ्रिफ्टी तिसरं. त्यामुळे हर्ट्झवर रागावून डॉलरकडे गेलात तरी पैसे त्याच गल्ल्यात.

आपल्याला वाटतं यांचं पोट भाड्यावर भरतं. भाडं आहेच, पण निम्मा खेळ जुन्या गाड्या विकण्याचा. हजारोंनी नव्या गाड्या घ्यायच्या, थोडे दिवस फिरवायच्या आणि भाव पडायच्या आत विकायच्या. हा अंदाज चुकला की मग कितीही गिऱ्हाईक येऊ दे, उपयोग नाही. हर्ट्झचा तो लागोपाठ चुकला. मे २०२० मध्ये कोविडनं विमानतळ ओस पडले आणि कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली, गाड्या ढिगानं विकून टाकल्या, मग २०२१ मध्ये लोक फिरायला निघाले तर गाड्याच नाहीत, भाडी अशी चढली की हवाईत लोकांनी सामान हलवायचे ट्रक भाड्यानं घेतले! जून २०२१ मध्ये कंपनी दिवाळखोरीतून बाहेर आली आणि ऑक्टोबरमध्ये थाटात जाहीर केलं, एक लाख टेस्ला घेणार. पुढे टेस्लानं नव्या गाड्यांच्याच किमती उतरवल्या, मग जुन्या कोण घेणार, वर ठोकल्यावर दुरुस्तीचा खर्च अवाच्या सवा. जानेवारी २०२४ मध्ये साधारण वीस हजार इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या, त्यापायी २४५ मिलियन डॉलरचा फटका, आणि २०२४ चं सगळं वर्ष मिळून २.९ बिलियनचा तोटा.

आता ते पोलिसांचं. खरं आहे. एखाद्यानं मुदत वाढवली, वाढीव रकमेचा होल्ड (म्हणजे कार्डावर ती रक्कम राखून ठेवणं) बसला नाही, की सिस्टीमच्या मते गाडी परत आलेली नाही, म्हणजे चोरीची. काही केसेसमध्ये गाडी आधीच 'चोरीला गेली' म्हणून नोंदवलेली, मग तीच कंपनीच्या पार्किंगमध्ये सापडते, दुसऱ्याच माणसाला रीतसर भाड्यानं दिली जाते, आणि पोलिसांकडची तक्रार मात्र कुणी काढून घेत नाही. पैसे भरलेल्या माणसांवर रस्त्यात पोलिसांनी बंदूक रोखली, काही जण तुरुंगात बसले. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीनं ३६४ दाव्यांपोटी १६८ मिलियन डॉलर मोजले. कोट्यवधी भाड्यांत हे प्रमाण नगण्य आहे, मान्य. पण कारण काय तर आपली गाडी नेमकी कुठे आहे हे मालकालाच माहीत नाही, आणि ही साधी गोष्ट नाही.

आणि आता २०२५ पासून काही एअरपोर्टवर, सुरुवात अटलांटात, गाडी परत देताना स्कॅनरच्या कमानीतून जाते आणि कॉम्प्युटर ओरखडे शोधतो. चाकावरच्या इंचभर ओरखड्याचं ४४० डॉलरचं बिल गाजलं, त्यातली दुरुस्ती २५० ची, बाकी प्रोसेसिंग आणि ॲडमिन फी. काउंटरवरच्या माणसाला 'अहो, हा तर आधीपासूनच होता' म्हणता तरी येत होतं. मशीनला काय म्हणणार.

म्हणून मी गाडी ताब्यात घेताना फोन काढते आणि चारी बाजू, चारी चाकं, काच, छत, पेट्रोलचा काटा आणि किलोमीटर, सॉरी, मैलाचा आकडा, सगळ्याचा सलग व्हिडिओ घेते. परत देताना पुन्हा तेच. एकदा दुसऱ्याच एका कंपनीनं (नाव नाही घेत) महिन्याभरानं बंपरच्या पोच्याचं बिल पाठवलं, मी व्हिडिओ पाठवला, उत्तर नाही आलं पण बिलही परत आलं नाही. मुदत वाढवायची तर फोनवर नुसतं 'हो मॅडम, झालं' ऐकून ठेवू नका, नवी तारीख लिहिलेली ईमेल येईपर्यंत पिच्छा सोडू नका. रात्री बंद ऑफिसच्या पेटीत किल्ली टाकून निघू नका, माणूस असेल तेव्हाच द्या आणि पावती घ्या.

टोलचं वेगळंच. गोल्डन गेट ब्रिजवर २०१३ पासून रोख घेतच नाहीत, नंबरप्लेटचा फोटो निघतो, टोलचं बिल गाडी भाड्यानं देणाऱ्या कंपनीकडे जातं आणि तुमच्याकडे येताना वर सर्व्हिस फी चढते. सॅन फ्रान्सिस्को शहरानं यावरून हर्ट्झला कोर्टात खेचलं होतं, २०१९ मध्ये ३.६५ मिलियनवर मिटलं. न्यू जर्सीकडून निघणार असाल तर स्वतःचा ई-झेडपास (टोल आपोआप कापणारा टॅग) न्या, गाडीचा नंबर अकाउंटला जोडा आणि ट्रिप संपली की काढून टाका, नाहीतर पुढच्या माणसाचे टोल तुम्ही भराल.

इन्शुरन्ससाठी काउंटरवर हमखास आग्रह होतो. आपल्या क्रेडिट कार्डाचे नियम घरूनच वाचून या, बऱ्याच कार्डांवर गाडीच्या नुकसानीचं कव्हर असतं पण कंपनीचं नाकारलं तरच लागू होतं, आणि समोरच्याच्या गाडीला किंवा माणसाला लागलं तर त्याचा यात समावेश नसतो, ते वेगळं बघायचं. इथे स्वतःची गाडी नसलेल्यांनी हे फार मनावर घ्या.

तर पाचपैकी गाडीला साडेचार, एअरपोर्टच्या सोयीला चार, हिशोबाला दोन. पुढच्या महिन्यात सासू-सासरे येतायत, परत हर्ट्झच बुक केलीय कारण त्या तारखांना तीच स्वस्त होती. टेस्ला नको असं सासऱ्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय, त्यांना गिअर दिसला नाही की झोप लागत नाही.