तोसे: गेम यांचा, नाव दुसऱ्याचं

गेम संपला की क्रेडिट्स स्किप करायची आपल्याला सवयच असते, पण तोसेच्या बाबतीत डोळे फोडून शेवटपर्यंत बघितले तरी बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. जपानमधल्या क्योतोची व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी, १९७९ची, हजाराच्या वर गेम्सवर काम झालंय आणि नाव जवळपास कुठेच नाही. बरं कोणी यांचं क्रेडिट ढापलंय असंही नाही, हेच म्हणतात आम्हाला नाव नको, क्लायंटच्या डोक्यात जे आहे ते आम्ही बनवून देतो. आणि शेअर बाजारात लिस्टेड कंपनी आहे हां, लपूनछपून काही नाही.

मग काम कसंय? क्रोनो ट्रिगर घ्या. मूळ गेम स्क्वेअर या जपानी कंपनीचा, १९९५चा, सुपर फॅमिकॉम या निन्टेंडोच्या कन्सोलवरचा. त्यात राक्षस समोर आला की वेगळी स्क्रीन येत नाही, जिथे उभे आहात तिथेच मारामारी सुरू, अर्धी मजा त्यातच आहे. १९९९ला तोसेने तो प्लेस्टेशनवर आणला, मध्ये मध्ये ॲनिमेचे सीन टाकले, ते दिसतात एकदम कडक, पण गेम आता सीडीवर आला ना, मग फाइट सुरू होताना अडखळतो, आणि साधा मेनू उघडायचा तरी बटण दाबून बसा वाट बघत. ज्या गेमची खासियतच न थांबणं आहे त्यात हे म्हणजे जेवताना घासागणिक खडा. पण २००८ला तोच गेम डीएसवर (निन्टेंडोचा दोन स्क्रीनवाला, हातात धरायचा कन्सोल) आला, परत तोसेच्याच हातून, यावेळी सीडीऐवजी कार्ट्रिजवर, म्हणजे चिपवाल्या कॅसेटवर, आणि सगळं लोण्यासारखं, मेनू खालच्या स्क्रीनवर, ॲनिमेचे सीनही शाबूत. पहिल्यांदा खेळणार असाल तर डोळे झाकून डीएसवाला घ्या.

सुपर प्रिन्सेस पीच (डीएस, २००५) पण यांचाच. मारिओ पकडला गेलाय आणि पीच छत्री घेऊन त्याला सोडवायला निघालीय. रडली की अश्रूंनी झाडं वाढतात, चिडली की अंगातून आग. आयडिया भन्नाट, पण गेम इतका सोपा की जरा हात बसेपर्यंत संपतो. ठीक.

माझा आवडता मात्र स्टार्फी. इथे तोसेने चक्क नाव लावलंय, कॉपीराइट निन्टेंडोसोबत यांचाही. २००२ला गेम बॉय ॲडव्हान्स या निन्टेंडोच्याच हातातल्या कन्सोलवर आला. हिरो म्हणजे एक गुबगुबीत पिवळा तारामासा, जमिनीवर नुकतं चालायला लागलेल्या पोरासारखा दुडुदुडु चालतो, पाण्यात पडला की मात्र सुळकन पळतो, आणि शत्रूला मारायला गिरक्या घ्यायच्या, पण जोशात जास्त घेतल्या की यालाच चक्कर येते आणि मग तो तिथेच झुलत राहतो, तोवर मार खायचा. आमची स्वतःची अशी काही स्टाइल नाही म्हणणाऱ्या लोकांनी हे बनवलंय, काय बोलणार!

पहिले चार भाग इंग्रजीत आलेच नाहीत. पाचवा, द लेजेंडरी स्टार्फी, २००९ला अमेरिकेत इंग्रजीत निघाला, डीएसवर. जपानी येत नसेल तर तोच शोधा.