कॅन्टीनची कार, बीएच नंबर आणि बदली: आठेक महिन्यांनंतर

सुट्टीवर आलो की गावातले जवान दोनच गोष्टी विचारतात. लष्कराच्या कॅन्टीनमधून गाडी घ्यावी का, आणि बीएच नंबर (भारत सीरिजचा, राज्य बदललं तरी तोच चालणारा) घ्यावा का? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा हो. दुसऱ्याचं उत्तर गाडी कुठं उभी राहणार यावर ठरतं, आणि शोरूमवाला ते कधीच विचारत नाही.

मी नायब सुभेदार, गाव आर्वी तालुक्यात. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी उतरला, त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून पेट्रोल वॅगनआर घेतली, 1.2 लिटरची.

आधी कॅन्टीनचं. सीएसडीला, म्हणजे कॅन्टीन चालवणाऱ्या खात्याला, जीएसटीत निम्मी सवलत असते. छोट्या गाडीवर 28 टक्के होते तेव्हा 14 वाचायचे, आता 18 झाल्यावर 9 वाचतात. म्हणजे गाडी सगळ्यांनाच स्वस्त झाली, पण आपला वेगळा फायदा आटला. त्यात सणासुदीची डीलरची सूट कॅन्टीनच्या गाडीला लागत नाही असं मला शोरूममध्ये ऐकवलं. म्हणून बाहेरचं ऑन-रोड कोटेशन हातात घेऊनच बोलायला बसा. मला तरीही कॅन्टीन स्वस्त पडलं, पण लोक सांगतात तितकं नाही.

एएफडी पोर्टलचं (कॅन्टीनच्या गाड्यांचा अर्ज जिथं ऑनलाइन करतात) काम अवघड नाही, वेळखाऊ आहे. डीलरचा प्रोफॉर्मा, म्हणजे किमतीचं कच्चं बिल, चढवायचा, मंजुरीनंतर पूर्ण पैसे सीएसडीला भरायचे (कर्ज असेल तर बँक थेट भरते), मग डीलरला सप्लाय ऑर्डर जाते. इन्शुरन्स आणि पासिंगचे पैसे वेगळे. सुट्टीत घरी येऊन अर्ज केला तर सुट्टी संपते आणि गाडी शोरूममध्येच राहते. युनिटमधूनच अर्ज करून निघा. गाडी आपल्याच नावावर निघते, भावाच्या किंवा साळ्याच्या नाही, हेही घरी आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आता बीएच. 15 सप्टेंबर 2021 पासून ही मालिका सुरू आहे आणि फौजी त्यात सरळ बसतो. महाराष्ट्रात 10 लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला 11 टक्के रोड टॅक्स एकरकमी जातो. बीएचचा दर 8 टक्के, तोही दोन-दोन वर्षांच्या हप्त्यानं. खरी कमाई बदलीत आहे. राज्याचा नंबर असेल तर दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांच्या वर गाडी ठेवली की फॉर्म 28 ची एनओसी, तिथला टॅक्स, नवा नंबर, आणि इकडे जुन्या टॅक्सच्या परताव्यासाठी आरटीओच्या चकरा. आम्हाला दोन-तीन वर्षांत बदली, कोण करणार हे?

म्हणून मी बीएच घेतला. बाबांना मात्र नंबर पटला नाही. "आपल्या बत्तीसचा कायले नाई घेतला? मले तं नऊची बेरीज पाह्यजे होती." बत्तीस म्हणजे आमच्या वर्ध्याचा एमएच-32. बीएचमध्ये नंबर निवडता येत नाही, कॉम्प्युटर देईल तो. पण बाबांचं म्हणणं दुसऱ्या अर्थानं बरोबर आहे. गाडी गावातच राहणार असेल, बाबा आणि भाऊच फिरवणार असतील, तर बत्तीसच घ्या. दर दोन वर्षांनी टॅक्सची तारीख, चुकली की दिवसाला 100 रुपये दंड, आणि तुम्ही तेव्हा नेटवर्क नसलेल्या पोस्टवर. विकतानाही तेच. बीएचला पात्र नसलेल्या माणसानं घेतली तर त्याला राज्याचा नंबर करून टॅक्स भरावा लागतो. आर्वीत जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला सहज विचारलं, तर तो खर्च त्यानं भावातून आधीच कापला.

विकण्यावरून आठवलं. जुनी अल्टो पुलगावकडच्या एका गृहस्थाला दिली. "नोटरी करू साहेब, नावावर मंग करू," हा त्याचा हट्ट. मी नाही म्हणालो. सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये स्पष्ट केलंय की आरटीओत ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. तुम्ही सरहद्दीवर आणि समन्स गावात आईच्या हातात, हे नको. फॉर्म 29, 30 आणि कर्ज असेल तर बँकेच्या एनओसीसोबत 35, हे सगळं सुट्टीतच जमा करा. जुन्या पॉलिसीचा नो क्लेम बोनस नव्या गाडीवर घ्यायला विसरू नका, तो तुमचा असतो, गाडीचा नाही.

गाडी पाठवणं हा सगळ्यात वाईट भाग. आधी झाशीला होतो तेव्हा स्वतः चालवत नेली. 44 नंबरचा हायवे, पेंचजवळ जंगली जनावरांसाठी उचललेला रस्ता, मजेत गेलो. मग बदली गुवाहाटीला. कुटुंबाला घेऊन तेवढं चालवणं नको म्हणून नागपुरात कॅरिअरवाल्याला दिली. ठरलेल्या तारखेपेक्षा बऱ्याच उशिरा आली. मागचा बंपर घासलेला आणि मीटरवर शंभराच्या वर किलोमीटर जास्त. गोदामातून गोदामात चालवत नेली असणार. बिल्टीवर (माल पाठवल्याच्या पावतीवर) मीटरचा आकडा लिहून घेतला होता, चारही बाजूंचा व्हिडिओ होता, म्हणून बंपरचे पैसे भांडून निघाले. त्या वाढीव किलोमीटरबद्दल "असं होतंच" एवढंच. ट्रान्झिट इन्शुरन्स बिल्टीतच लिहून घ्या. आणि फास्टॅग काढून ठेवा, नाहीतर ट्रेलरवर चढलेल्या गाडीचाही टोल नाक्यावर कापला जातो, माझा कापला.

बदलीत कार नेण्याचा टीए (प्रवासभत्ता) पगाराच्या लेव्हल 6 पासून मिळतो, म्हणजे नायब सुभेदारपासून वर. हवालदारापर्यंत दुचाकीच. क्लेम टाकायला पक्की पावती लागते, कॅरिअरवाला कच्च्या चिठ्ठीवर भागवायला बघतो.

गाडीबद्दल थोडक्यात. छत उंच, बाबा धोतर सावरत आरामात बसतात, आईला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेताना पाठीला त्रास झाला नाही. पण पावसात पांदणीत घालू नका. काळी माती चाकावरच्या कमानीत थापून बसते, वाळली की विळ्यानं खरवडावी लागते, आणि चाक घासत असल्याचा आवाज येतो. हायवेवर बाजूचा वारा लागला की हलते. मायलेजवर समाधानी.

पुढची पोस्टिंग फील्ड, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशी, असेल असं दिसतंय. तेव्हा गाडी गावात राहील, म्हणून टॅक्सची तारीख आणि लॉगिन भावाला आत्ताच देऊन ठेवलंय.