प्रोलॉन्ग्ड एक्सपोजर थेरपी: काही महिन्यांच्या वापरानंतर

काय घेतलं ते आधी सांगतो, कारण 'काउन्सेलिंग घेतलं' म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं वेगळंच काहीतरी येतं. मी घेतली ती प्रोलॉन्ग्ड एक्सपोजर, पीटीएसडीसाठीची थेरपी. पीटीएसडी म्हणजे जिवावरच्या प्रसंगानंतर मनात धसका राहून जातो तो आजार. एडना फोआ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बसवलेली. साधारण 8 ते 15 बैठका, एकेक दीड तासाच्या आसपास. गणपतीनंतर सुरू केली, आता उन्हाळा लागलाय.

कारण थोडक्यात. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी भट्टीवर होतो. जुलैचा पाऊस, स्क्रॅप उघड्यावर पडलेला, तसाच ओला भट्टीत गेला. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी सापडलं की क्षणात वाफ होते आणि धातू वर उसळतो, हे नवीन पोरालाही ठाऊक असतं. माझ्या हातावर डाग राहिले. शेजारचा सोबती वाचला नाही.

हात बरे झाले, बाकीचं नाही. झोप गेली. बायकोनं फोडणी दिली की मी स्वयंपाकघरातून बाहेर. पोरांवर विनाकारण ओरडायचो. मामांनी सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला नेलं; बरं वाटलं, पण रात्री पुन्हा तेच. एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. त्यानं झोप लागायची, पण या आजारावर तसल्या गोळ्या नेहमीसाठी घेऊ नयेत असं आता जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. एका काउन्सेलरनं 'पॉझिटिव्ह राहा, झालं गेलं विसरा' म्हणून वहीत चांगल्या गोष्टी लिहायला लावल्या. विसरता आलं असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो, असं तोंडावर आलं होतं.

मग एका सायकियाट्रिस्टनी नीट तपासलं. महिन्याहून जास्त दिवस टिकलेला त्रास, प्रसंग डोळ्यांपुढं येणं, टाळाटाळ, सतत दचकणं, हे सगळं धरून निदान केलं. सर्ट्रालिन ही गोळी सुरू केली आणि धारवाडच्या एका मानसशास्त्रज्ञ मॅडमांकडं पाठवलं. पाऊणशे किलोमीटर, लाल बस, कामावर आठवड्याला एक खाडा. मॅडमांची मायबोली कन्नड, पण मराठी चांगलं समजायचं. मी आपल्या बेळगावी मराठीत सांगायचो, त्या मध्ये थांबवून कन्नडात विचारायच्या. काही अडलं नाही.

आता खरी गोष्ट. या थेरपीत प्रसंग विसरायला नाही, सांगायला लावतात. डोळे मिटून, आत्ता घडतंय असं समजून. 'मी भट्टीजवळ उभा आहे, पाऊस वाजतोय, तो माझ्याकडं बघून काहीतरी म्हणतोय...' सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मध्येच विचारतात, त्रास किती, शून्य ते शंभर? माझा आकडा 95 च्या खाली यायचा नाही. हे सगळं फोनवर रेकॉर्ड होतं आणि घरी रोज ऐकायचं असतं. मी कानात इअरफोन घालून माळ्यावर बसायचो. आई खालून विचारायची, 'तेच तेच काय ऐकूलालास रे?' तिला काय सांगणार.

पहिले काही आठवडे तब्येत आणखी बिघडली, हे कुणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगतो. स्वप्नं वाढली, जेवण कमी झालं. बायको म्हणाली, पैसे देऊन त्रास विकत घेताय होय? मॅडमांनी मात्र आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून टिकलो. हळूहळू त्याच रेकॉर्डिंगचा कंटाळा यायला लागला. हो, कंटाळाच. एकदा ऐकता ऐकता डुलकी लागली. मॅडम हसल्या, म्हणाल्या, छान झालं.

दुसरा भाग यादीचा. टाळत असलेल्या गोष्टी सोप्यापासून अवघडापर्यंत लिहून एकेक करायची. माझ्या यादीत मधोमध होता टिळकवाडीतला डोशाचा गाडा. डोसा घालायच्या आधी तो माणूस तव्यावर पाणी मारतो, चर्र होतं, वाफ उठते. तापलेलं लोखंड आणि पाणी, माझ्यासाठी सगळं त्यातच आलं. तव्यापासून दोन हातांवर उभं राहायचं आणि आकडा निम्म्यावर येईपर्यंत हलायचं नाही. पहिल्यांदा गार घाम, बनियन ओला. गाडेवाल्याला वाटलं मला साखर आहे, त्यानं चहा पाजला. पुढं पुढं तिथं नाश्ता करायला लागलो.

आकड्यांत सांगायचं तर पीसीएल-5 नावाचा 20 प्रश्नांचा तक्ता भरून घेतात, 80 पैकी गुण, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. माझे सुरुवातीला 62 होते, आता 24 आहेत. झोप पाच-सहा तास लागते. शिवजयंतीच्या चित्ररथांपुढं फटाके लागतात तेव्हा अजून दचकतो.

तक्रारी आहेत. छापील मराठी साहित्य मिळालं नाही, तक्तेसुद्धा कन्नड नाहीतर इंग्रजीत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायला सांगितलंय, पण नेहमीच्या पॉलिशीत दवाखान्यात भरती झाल्याशिवाय पैसे मिळत नाहीत आणि ही थेरपी तर बसून बोलायची. खर्च खिशातूनच गेला. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, मराठीत आणि कन्नडात बोलतात. ही थेरपी फोनवर होणार नाही, वाट मात्र दाखवतील. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर आधी तेच सांगा, बाकी सगळं नंतर.

आणि पहिल्याच भेटीत विचारून घ्या, तुम्ही कुठली पद्धत वापरता? हीच पाहिजे असं नाही, डोळ्यांच्या हालचाली वापरणारी ईएमडीआर आहे, प्रसंगाबद्दलचे विचार तपासायला लावणारी सीपीटी आहे, त्यांनाही पुरावा आहे. पण 'आपण फक्त बोलू या' असं उत्तर आलं तर मी उठून येईन.

माझ्या यादीत सगळ्यात वर मी स्वतःच 'चालू भट्टीजवळ काम' असं लिहिलं होतं. मॅडमांनी ते खोडायला लावलं. जिथं खरा धोका नाही तेवढंच यादीत घ्यायचं, म्हणाल्या. मी मशीन शॉपला बदली मागून घेतली. पगारात थोडा फरक पडला, तो चालवून घेतलाय.