सॉनी रॉलिन्सचा रविवार, तीन एलपींमध्ये

1978 साली बाबा मुंबईच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात सॉनी रॉलिन्स या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाला ऐकून आले, तेव्हा मी चार वर्षांची होते. जॅझ यात्रा या महोत्सवाचं पहिलं वर्ष होतं ते. आम्ही ठाकूरद्वारला राहायचो, बाबा छापखान्यात होते. धोबीतलावपर्यंत चालत गेले, चालत आले आणि झोपलेल्या आईला उठवून म्हणाले, "तो नुसता वाजवत नाही गं, बोलतो." घरात ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे की ती माझ्याच डोळ्यांसमोर घडली असं वाटतं. त्यामुळे ब्लू नोट या अमेरिकन जॅझ रेकॉर्ड कंपनीने रॉलिन्सचं 'अ नाइट ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' टोन पोएट या पुनर्मुद्रणांच्या मालिकेत तीन एलपींत काढलंय म्हटल्यावर मी पैसे बाजूला टाकायला लागले.

आधी हे रेकॉर्डिंग काय आहे ते सांगते. 3 नोव्हेंबर 1957, रविवार. न्यूयॉर्कमधला व्हिलेज व्हॅनगार्ड हा तळघरातला छोटा, त्रिकोणी क्लब. रॉलिन्स सत्तावीस वर्षांचा. दुपारच्या खेळाला त्याच्याबरोबर डोनाल्ड बेली बासवर आणि पीट लारोका ड्रम्सवर, संध्याकाळी विल्बर वेअर आणि एल्विन जोन्स. रेकॉर्डिंग करायला रूडी व्हॅन गेल्डर आपलं सामान घेऊन आलेला. हा माणूस तेव्हा दिवसा डोळे तपासायचा आणि उरलेल्या वेळात आईवडिलांच्या घरच्या दिवाणखान्यात जॅझची रेकॉर्डिंग करायचा. 1958 मध्ये यातले फक्त सहा तुकडे एका एलपीवर आले. बाकीचे नंतर हळूहळू बाहेर पडले. या संचात त्या दिवसाचं सगळं एकत्र आहे, दुपारसुद्धा.

पियानो नाही, ही यातली मोठी गोष्ट. आपल्याकडच्या कानाला ती लगेच कळेल. पेटीची साथ काढून घेतली की गवयाला जागा मोकळी मिळते, पण टेकायला काही उरत नाही. सूर हलला तर झाकायला कुणी नाही. रॉलिन्सने ती जोखीम मुद्दाम घेतली आहे. खाली कोणी स्वरांची चौकट धरून ठेवलेली नाही, म्हणून तो गाण्याचा एखादा तुकडा उचलतो, उलटा करतो, अर्धा सोडून देतो, भलत्याच गाण्याची ओळ मध्येच घालतो आणि तरी आवर्तन संपताना बरोबर जागेवर असतो. 'सॉनीमून फॉर टू' हा त्याचा स्वतःचा ब्लूज आहे, बारा मात्रांचा नव्हे, बारा बारचा (एक बार म्हणजे चार मात्रा). इतकी साधी चाल की लहान मूलही गुणगुणेल. तिच्यातून तो काय काय काढतो ते मोजत बसायची गंमत मी अजून पुरेशी लुटलेली नाही.

आता प्रेसिंगबद्दल, म्हणजे रेकॉर्ड कशी दाबली आहे त्याबद्दल. टोन पोएट मालिका 2019 मध्ये ब्लू नोटच्या ऐंशीव्या वर्षी सुरू झाली. निवड आणि देखरेख जो हार्लीची. त्याला 'टोन पोएट' हे नाव सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइडने दिलेलं. मास्टरिंग, म्हणजे टेपवरचा आवाज रेकॉर्डसाठी तयार करणं, केविन ग्रेचं, मूळ ॲनालॉग टेपवरून. रेकॉर्ड कॅलिफोर्नियातल्या आरटीआय या कारखान्यात दाबलेल्या, 180 ग्रॅमच्या. कव्हर जाड पुठ्ठ्याचं, उलगडणारं, आत फोटोंची पुस्तिका. छापखानेवाल्याची मुलगी म्हणून सांगते, काळा रंग खरा काळा उतरला आहे आणि कागद चिकटवताना कुठे फुगा राहिलेला नाही. बाबांनी पहिल्यांदा हातात घेतल्यावर कडेवरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली.

माझ्याकडे याची जुनी सीडी होती. तीवर बास म्हणजे खालून येणारी एक घरघर. इथे विल्बर वेअरचं बोट तारेवरून सुटतं तो क्षण वेगळा ऐकू येतो, त्यामागे लाकडाचा ठोका, आणि मग स्वर. 'सॉफ्टली, ॲज इन अ मॉर्निंग सनराइज'मध्ये तो एकटा वाजवतो ती जागा मी सुई उचलून पाच वेळा ऐकली. फार थोडे स्वर घेतो, त्यांच्यामध्ये जागा ठेवतो, आणि त्या जागेत मागे एल्विन जोन्सची हाय-हॅट, पायाने मिटणारी झांजांची जोडी. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पाय पडतोय, झाकणी मिटते आहे, तिचा 'च्चिप्' असा आवाज खोलीच्या भिंतीला लागून परत येतो. तळघर केवढं असेल ते त्या एका आवाजावरून कळतं.

नव्या प्रेसिंगची परीक्षा मी याच गोष्टीवर करते. गेली पंधराएक वर्षं मी नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात जॅझ ऐकतेय. नोव्हेंबरमधला महोत्सव आला की ऑफिसात रजा आधीच टाकलेली असते. तिथलं टाटा थिएटर बांधलंच आहे माइकशिवाय ऐकू यावं या हिशेबाने, ध्वनीची रचना सिरिल हॅरिसची. तिथे ड्रमवाल्याने ब्रश हातात घेतले की कातड्यावरची सळसळ मागच्या रांगेत पोचते. तो आवाज एकदा कानात बसला की घरी रेकॉर्ड लावताना फसवणूक चालत नाही. चकचकीत आवाज काढून देणाऱ्या पुनर्मुद्रणांचे ढीग आहेत. झांज कानाजवळ वाजते, बास छातीवर बसतो, पण माणसं खोलीत उभी राहत नाहीत. इथे तिघे उभे राहतात. रेकॉर्ड मोनो आहे, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज, तरीही राहतात: सॅक्सोफोन पुढे, ड्रम्स त्याच्या खांद्यामागे. उलट गेल्या वर्षी परळच्या एका बारमध्ये ट्रिओ ऐकायला गेले, तिथे बास ड्रमला असा काही माइक लावला होता की सॅक्सोफोन वाजवणाऱ्याचे नुसते गाल दिसत होते. मध्यंतरात निघून आले. तिकिटाच्या पैशांपेक्षा त्या वाजवणाऱ्या मुलाचं वाईट वाटलं, कारण तो चांगला असावा.

दोष सांगायलाच हवेत. टेप क्लबमधली आहे, स्टुडिओतली नाही. एल्विन जोरात आला की बास मागे दडपतो, आणि ते कुठल्याही मास्टरिंगने सुटणारं नाही. दुपारच्या तुकड्यांत गाडी अजून तापायची आहे. 'अ नाइट इन ट्युनिशिया' दुपारचं आणि संध्याकाळचं लागोपाठ ऐका. लारोका नेटका वाजवतो, काही चुकत नाही. एल्विन मात्र खालची जमीनच हलवत ठेवतो, आणि रॉलिन्सला तेच हवं आहे हे दोन मिनिटांत समजतं. मला दुपार हवीच होती, पण फक्त उत्तम तेवढंच ऐकायचं असेल त्याला सहा बाजू उलटणं जड जाईल.

आणि किंमत. मला संच साडेआठ हजारांच्या वर पडला. पहिली प्रत एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली, ती कोपरा चेपलेली आली, आणि दुसरी एलपी प्लेअरच्या फिरत्या तबकडीवर पापडासारखी वर-खाली होत होती. "एवढं चालतं, वाजते ना?" असं उत्तर मिळालं. व्हिडिओ पाठवले, फोन केले, तीन आठवड्यांनी पैसे परत आले. मग माहीमच्या दुकानातून घेतली. तिथल्या मुलाने समोर उघडून प्रत्येक बाजू दिव्याखाली तिरकी धरून दाखवली. दोनशे-तीनशे रुपये जास्त गेले असतील, पण इतक्या महागाची वस्तू मी आता डोळ्यांनी बघूनच घेणार. ज्यांना एवढे पैसे घालायचे नाहीत त्यांनी ब्लू नोटचीच क्लासिक व्हाइनल मालिका बघावी. मास्टरिंग तिथेही केविन ग्रेचंच, प्रेसिंग जर्मनीतल्या ऑप्टिमल कारखान्याचं, कव्हर साधं आणि किंमत बरीच कमी.

ॲम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर ते दाबून ऐका, बारीक खरखर कमी होते. माझा जुना आहे, त्याला आहे.

बाबांना संच गेल्या महिन्यात नेऊन दिला. एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत, डाव्या कानाने कमी येतं. मोनो असल्याने त्यांचं काही सुटत नाही, हे मला तिथे बसल्यावर लक्षात आलं. एक तुकडा सुरू होण्याआधी रॉलिन्स स्वतः दोन शब्द बोलतो. ते ऐकून बाबा खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, "हाच आवाज. रंगभवनात असाच बोलला होता." मी त्यांना सांगितलं की साठच्या दशकाच्या शेवटी हा माणूस पवईच्या आश्रमात काही महिने राहिला होता, योग शिकत, ध्यान करत. त्यांना हे ठाऊक नव्हतं. पवईला तेव्हा कुठली बस जायची याचा ते बराच वेळ विचार करत होते, आणि एल्विन जोन्स वाजत होता, आणि त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर मात्रा मोजत होती.

संच अजून त्यांच्याकडेच आहे. उभा ठेवलाय, आतली कागदी पाकिटं काढून प्लॅस्टिकच्या अस्तराची घातली आहेत. मे संपायच्या आत घरी आणेन. त्यांच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, आणि असल्या पुठ्ठ्याला बुरशी धरायला आठवडा पुरतो.