मुलीसाठी एचपीव्हीची लस: दोन हजारांची की अकरा हजारांची?

बालरोगतज्ज्ञांकडे गर्भाशयमुखाचा कर्करोग रोखणाऱ्या एचपीव्हीच्या लसीची चौकशी केली की बहुधा दोन नावं पुढे येतात: पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक आणि एमएसडी कंपनीची गार्डासिल-9. खासगी दवाखान्यात पहिलीचा डोस सुमारे 2,000 रुपयांना, दुसरीचा 11,000 च्या आसपास. एवढा फरक ऐकला की मनात पाल चुकचुकतेच: स्वस्तातलीत काही कमी तर नाही?

कमी आहे, पण किती ते पाहा. एचपीव्ही हा लैंगिक संबंधांतून सर्रास पसरणारा विषाणू. निरोधने धोका कमी होतो, पण पुरता टळत नाही, कारण तो जननांगांच्या उघड्या राहिलेल्या त्वचेच्या स्पर्शानेही लागतो. बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. जिथे ठाण मांडतो तिथे पुढे गर्भाशयमुखाचा कर्करोग होऊ शकतो. सर्व्हाव्हॅक त्याच्या 6, 11, 16 आणि 18 या प्रकारांना रोखते. पहिले दोन जननांगांवरच्या चामखिळींचे, नंतरचे दोन कर्करोगाचे. गार्डासिल-9 मध्ये 31, 33, 45, 52 आणि 58 हे आणखी पाच येतात. जगाचा हिशेब धरला तर कर्करोगापासूनचं संरक्षण साधारण 70 टक्क्यांवरून 90 वर जातं. भारतात मात्र 16 आणि 18 यांचाच वाटा 80 टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे जादा पैशांत मिळणारी भर इथे त्या मानाने लहान.

खरा फरक पाडतं ते वय. पहिला डोस पंधराव्या वाढदिवसाआधी घेतला तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात. नंतर तीन लागतात. म्हणजे चौदाव्या वर्षी 4,000 विरुद्ध 22,000, सोळाव्या वर्षी 6,000 विरुद्ध 33,000. ‘पैसे साठले की भारीतली देऊ’ म्हणून वर्षं घालवणं मला तरी पटत नाही. ही लस आधीच झालेला संसर्ग बरा करत नाही, म्हणून ती लैंगिक आयुष्य सुरू होण्याआधी हवी. ‘अजून लहान आहे ती’ हेच तर लस देण्याचं कारण.

‘एकच डोस पुरतो म्हणे’ हेही कानावर येईल. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 20 वर्षांपर्यंतच्या मुलींसाठी तो पर्याय मान्य केला. त्यामागच्या पुराव्यात भारतातल्या एका मोठ्या अभ्यासाचा वाटा आहे, ज्यात बार्शी आणि पुण्याच्याही मुली होत्या. पण त्यांना दिलेली लस होती गार्डासिलची जुनी, चार प्रकारांवरची. तो निष्कर्ष सर्व्हाव्हॅकला परस्पर चिकटवू नका. तिचे वयानुसार दोन किंवा तीन डोस पूर्ण करा. एचआयव्ही असल्यास किंवा प्रतिकारशक्ती कमी असल्यास डोसांचं गणित बदलतं, ते डॉक्टरांनाच विचारा.

पैशांची चणचण नसेल तर गार्डासिल-9 घ्या, चांगलीच आहे. हात आखडता असेल तर सर्व्हाव्हॅक, याच महिन्यात. त्याआधी जवळच्या आरोग्य केंद्रात एचपीव्हीची लस मोफत मिळते का तेवढं विचारा. मुलगाही असेल तर सर्व्हाव्हॅक 9 ते 26 वयाच्या मुलग्यांनाही चालते.

वाचलेल्या पैशांत आईची तपासणी करून घ्या. तिशीनंतर दर पाच वर्षांनी एचपीव्ही चाचणी, आणि लस घेतलेल्या मुलीलाही त्या वयात ती चुकत नाही, कारण नऊ प्रकारांवरची लससुद्धा सगळे प्रकार रोखत नाही.