सुपरहिरो सिक्वेल पुन्हा पाहताना: माफ होणारे आणि न होणारे प्लॉट होल

सुरुवात 'स्पायडर-मॅन २' (२००४) मधल्या कॅफेच्या प्रसंगापासून करू, कारण सुपरहिरो सिक्वेलमधल्या सर्वांत ढळढळीत प्लॉट होलपैकी (कथेच्या तर्कातल्या भगदाडांपैकी) एक तिथे आहे. खलनायक डॉक्टर ऑक्टोपसला (ऑकला) स्पायडर-मॅन हवा आहे. पीटरचा मित्र हॅरी त्याला सांगतो की पीटर पार्कर स्पायडर-मॅनचे फोटो काढतो, त्याच्याकडून पत्ता काढ. आणि पीटरला इजा करू नकोस, हेही बजावतो. यावर ऑक काय करतो? पीटर आणि त्याची आवडती मेरी जेन बसलेत त्या काचेतून थेट गाडी भिरकावतो. पीटर हाच स्पायडर-मॅन आहे हे त्याला तेव्हा माहीत नाही. म्हणजे समोर साधा फोटोग्राफर असता तर तो जागीच चिरडला असता आणि पत्ता सांगायला कुणी उरलंच नसतं.

तरीही हा सिक्वेल आजही पहिल्या रांगेत बसतो आणि त्याचं कारण त्याच टेबलावर सापडतं. गाडी येण्याआधी मेरी जेन पीटरला विचारते, तुझं माझ्यावर प्रेम आहे का? तो खोटं बोलतो. ती एकदा किस करायला सांगते, म्हणजे खरं काय ते कळेल. दोघांचे चेहरे जवळ येतात आणि तेवढ्यात पीटरची संकटाची आधीच चाहूल देणारी, हरवलेली जाणीव परत येते. प्रसंगाचा भार या दोघांच्या निर्णयावर आहे, ऑकच्या नेमबाजीवर नाही. ऑक आत येऊन आधी पीटरची कॉलर धरतो आणि मग टेबलं उडवतो असं लिहिलं असतं, तरी पीटरचं पुढचं वागणं तसूभरही बदललं नसतं. होल मोठा आहे, पण बाजूच्या भिंतीला आहे.

सिक्वेल पुन्हा पाहताना हीच कसोटी लावावी. होल सापडला की तो मनातल्या मनात बुजवायचा आणि बघायचं: पात्राचा निर्णय बदलतो का? सिनेमाने आधी जी किंमत मोजायला लावली ती आता फुकट जाते का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर तो होल चर्चेला मजेदार, पण सिनेमाला निरुपद्रवी. एक जरी 'हो' आलं तर पटकथेचाच पाया कच्चा आहे.

'स्पायडर-मॅन २' मध्ये किंमत कुठेही माफ होत नाही, म्हणून तो टिकतो. पिझ्झा उशिरा पोचतो, नोकरी जाते, भाडं थकतं. सगळ्यांत कसलेला प्रसंग मे काकूच्या टेबलावरचा. बेन काकांना मारणाऱ्या चोराला आपण आधी जाऊ दिलं होतं, असं पीटर कबूल करतो. काकू ओरडत नाही, रडत नाही. त्याच्या हातातला आपला हात काढून घेते आणि जिना चढून वर जाते. पीटरच्या शक्ती मध्येच का जातात याचं वैज्ञानिक कारण सिनेमा देत नाही, तेही चालतं, कारण त्या जाण्यामागचं मानसिक कारण प्रत्येक दृश्यात दिसतं. २००७ मध्ये '२.१' नावाची सुमारे ८ मिनिटांनी लांब आवृत्ती आली. तिच्यात मारामारी वाढली, पीटरचा संपादक जेम्सन स्पायडर-मॅनचा पोशाख घालून नाचला, पण कॅफेतला होल जिथल्या तिथे राहिला. पहिल्यांदा बघणाऱ्याने मूळ १२७ मिनिटांचीच आवृत्ती बघावी.

आता त्याच मालिकेतला 'स्पायडर-मॅन ३' (२००७). चाहते सगळ्यांत जास्त खिल्ली उडवतात ती हॅरीच्या घरच्या बटलर बर्नार्डची. हॅरी पीटरला बापाचा खुनी समजून सूड उगवत असतो, आणि शेवटाकडे बर्नार्ड येऊन सांगतो की तुमच्या वडिलांची जखम मीच साफ केली होती, ते पातं त्यांच्याच ग्लायडरचं (उडत्या यानाचं) होतं. हे आधी का नाही सांगितलं, याला उत्तर नाही. कसोटी लावली तर हा होल नापास होतो, कारण हॅरीचा निर्णय पूर्णपणे त्या वाक्यावर टांगलेला आहे. उल्का नेमकी पीटरच्या शेजारी पडते तो योगायोग मात्र सोडून द्यावा. गोष्ट सुरू करायला एक योगायोग लेखकाला द्यावाच लागतो.

पण या सिनेमाचं खरं नुकसान बर्नार्डने केलेलं नाही. बेन काकांवर गोळी झाडणारा या भागातला खलनायक फ्लिंट मार्को होता असं इथे ठरवलं जातं. पीटरने जाऊ दिलेला चोर फक्त साथीदार उरतो. पहिल्या भागाचा कणा असलेली पीटरची अपराधी भावना एका फ्लॅशबॅकमध्ये पातळ होते आणि काकूचा तो काढून घेतलेला हातही मागाहून हलका होतो. यात तर्काची चूक एकही नाही, सगळं जुळवून दाखवता येतं. तरी मालिकेतली सगळ्यांत महाग चूक हीच, कारण ती मागच्या दोन सिनेमांच्या खिशातून पैसे काढते.

'द डार्क नाइट राइजेस' (२०१२) वर चाहते गेली अनेक वर्षं भांडताहेत, आणि माझ्या मते भांडण चुकीच्या होलवर चाललंय. खलनायक बेन (Bane, बेन काका नव्हे) स्टॉक एक्स्चेंज ताब्यात घेतो तेव्हा प्रोग्रॅमला ८ मिनिटं लागणार असं कळतं. टोळी मोटरसायकलींवर बाहेर पडते तेव्हा लख्ख उजेड आहे, पाठलाग बोगद्यातून जातो आणि थोड्याच वेळात मिट्ट काळोख. ही सलगतेची चूक आहे. बॅटमॅन अंधारातून प्रकट व्हावा यासाठी घड्याळ मोडलं. निर्णय बदलत नाही, सोडून द्या. ब्रूस (म्हणजेच बॅटमॅन) दूरदेशीच्या खड्ड्यासारख्या तुरुंगातून पैशाशिवाय बाहेर पडतो आणि नाकेबंदीतल्या आपल्या गॉथम शहरात कसा पोचतो, हेही दाखवलेलं नाही. पण हा माणूस पहिल्या भागात ७ वर्षं जगभर गुन्हेगारांमध्ये भटकून परतलेला आहे. ही वाट त्याला सापडेल, हे मानायला जड जात नाही.

न चालणारा होल गुडघ्याचा आहे. सुरुवातीलाच डॉक्टर सांगतो की गुडघ्यात कूर्चाच उरलेली नाही. ब्रूस काठी घेऊन चालतो, मग पायाला यांत्रिक ब्रेस लावून विटा फोडतो. खड्ड्यात तो ब्रेस दिसत नाही. तिथे पाठीतून बाहेर आलेला मणका ठोसा मारून आत बसवतात, दोराला टांगून उभं करतात, आणि गुडघ्याचा विषयच बंद होतो. थकलेलं, झिजलेलं शरीर हाच या सिनेमाचा विषय आहे. मग दोराशिवाय घेतलेली ती शेवटची उडी, जिच्यावर हान्स झिमरच्या संगीताने अंगावर काटा येतो, कुठल्या गुडघ्यावर घेतली? एक वाक्य, एक बांधलेली पट्टी, उतरताना एक लंगडणं पुरलं असतं.

दुसरा असाच होल ८ वर्षांच्या निवृत्तीचा. 'द डार्क नाइट' (२००८) संपतो तेव्हा बॅटमॅन दुसऱ्याच्या गुन्ह्यांचा आरोप अंगावर घेऊन पळतो. पोलीस त्याचा पाठलाग करत राहतील आणि तो काम करत राहील असं वाटतं. पुढचा भाग म्हणतो की त्या रात्रीनंतर तो कुणाला दिसलाच नाही. पाठलागच झाला नसेल तर तो त्याग अर्धाच उरतो. स्वतः 'द डार्क नाइट'मध्येही होल आहे: मैत्रीण रेचलला वाचवायला बॅटमॅन खिडकीबाहेर झेप घेतो, आणि पाहुण्यांसोबत वर राहिलेल्या जोकरचं पुढे काय झालं ते कळतच नाही. पण तो संकलनातला कट आहे, कुणाच्या निर्णयाला धक्का नाही.

'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' (२०१९) चा हिशेब वेगळा, कारण तो स्वतःच नियम छापून देतो. भूतकाळात फेरफार केला तरी आपलं वर्तमान बदलत नाही, हे हल्क समजावतो, आणि म्हणूनच नेब्युला आपल्या जुन्या रूपाला गोळी घालूनही जिवंत राहते. कालप्रवासासाठी लागणारे पिम पार्टिकल मोजके आहेत. ते कमी पडतात तेव्हा स्टीव्ह (कॅप्टन अमेरिका) आणि टोनीला (आयर्न मॅन) १९७० मध्ये जाऊन चोरावे लागतात. इतकी काटकसर दाखवल्यावर खलनायक थॅनोसचं अख्खं जहाज भूतकाळातून वर्तमानात कसं आलं, हा प्रश्न टाळता येत नाही. स्टीव्ह म्हातारा होऊन बाकावर दिसतो तेव्हा तो कुठल्या कालरेषेत जगला, यावर दिग्दर्शक रुसो बंधू आणि पटकथाकार मार्कस व मॅकफीली यांनी जाहीरपणे वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. तरी नताशाचा व्होर्मिर ग्रहावरचा जीव देण्याचा निर्णय आणि टोनीची शेवटची चुटकी या दोन्हींना यातलं काहीच शिवत नाही. १८१ मिनिटांचा सिनेमा त्या दोन निर्णयांवर उभा आहे आणि ते पक्के आहेत.

पुन्हा बघायचे असतील तर 'स्पायडर-मॅन २' आणि 'द डार्क नाइट' सलग बघा. 'राइजेस' बघताना ब्रेस शेवटचा कधी दिसतो त्यावर लक्ष ठेवा. 'स्पायडर-मॅन ३' मात्र दुसऱ्या भागाच्या लगेच पाठोपाठ लावू नका. मे काकूचा प्रसंग डोक्यात ताजा असताना मार्कोचा फ्लॅशबॅक फार खटकतो.