जर्मनीचा सेमिस्टर पास: सहा महिने वापरून झाल्यावर

आमच्या गल्लीतल्या एका पोराचं शिकायला जर्मनीतल्या आखनला जायचं नक्की झालंय. परवा कोल्हापुरात रंकाळ्यावर त्याच्या आईनं मला गाठलं. "तिथं कॉलेजला जायला स्कूटर लागंल का रे?" म्हटलं, "काकू, स्कूटर नको, पास मिळतो." पण एवढ्यावर काकूंचं समाधान होईना. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

2025 मध्ये एप्रिल ते सप्टेंबर मी आखनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात एक्स्चेंजवर होतो. तेव्हा साधा डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा पास, महिन्याला 58 युरो होता. विद्यार्थ्यांना त्याच्या 60 टक्के, म्हणजे 34.80. सहा महिन्यांचे 208.80 युरो सत्राच्या फीबरोबरच एकदम भरून घेतात. भरताना पोटात गोळा येतो, पण नंतर खिशात हात घालावा लागत नाही. आपल्या एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास चार नाहीतर सात दिवसांचा असतो, हा सहा महिन्यांचा समजा. शहराशहरांतल्या बस, ट्राम, मेट्रो आणि देशभरातल्या आरई, आरबी, एस-बान या लोकल-पॅसेंजर गाड्या, सगळीकडे चालतो. आयसी आणि आयसीई या जलद गाड्यांना मात्र चालत नाही.

आता आठवडा. सोमवार-मंगळवारी सकाळी साडेआठचं लेक्चर. शहरातून विद्यापीठाच्या मेलाटन भागाकडं जाणारी आठची बस इतकी भरलेली असायची की गंगावेशीतली केएमटी आठवायची, फक्त आवाज नाही. बस धरायची ती एलिझनब्रुनेनपाशी. तिथं गंधकाचं गरम पाणी नळातून वाहतं आणि सडक्या अंड्याचा वास येतो. पहिल्या दिवशी मला वाटलं शेजारच्याच्या डब्यात काहीतरी नासलंय. बुधवारी उदाहरणं सोडवून घेणारा तास, शुक्रवारी जर्मन. गुरुवार मोकळा.

घोळ इथंच आहे. लेक्चरला हजेरी नाही, पास खिशात, आणि जूनमध्ये रात्री साडेनऊलाही उजेड. तीन वाजता वर्ग सुटला की पोरं म्हणतात, चल फाल्सला. फाल्स म्हणजे सीमेपलीकडचं नेदरलँड्समधलं गाव. तिथून चढून गेलं की जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स एका दगडापाशी मिळतात. उंची 322 मीटर. पन्हाळा चढलेल्या माणसाला हसूच येतं. पण या 'चल'ला तिकिटाचा अडसर नसल्यानं मे महिना कधी संपला कळलं नाही, आणि माझ्या दोन विषयांचे सगळे मार्क शेवटच्या एकाच पेपरवर होते. जुलैत मी गाडीत पाय ठेवला नाही.

पासाचा खरा उपयोग जवळच्या फिरण्याला. मॉनशाऊ या छोट्या गावाला बसनं जा. रस्ता चढायला लागतो, झाडी दाट होते, गगनबावड्याकडं निघाल्यासारखं वाटतं. खाली रूर नदी, तिच्या काठाला टेकून पांढऱ्या भिंती आणि काळ्या लाकडी चौकटींची घरं. तिथं 1882 पासूनची मोहरीची गिरणी आहे. मी एक बरणी आणली. आईनं थालीपिठाबरोबर चाखली आणि म्हणाली, "फोडणी द्यायची राहिलीय."

लांबचं सांगतो. मित्राच्या नादानं बर्लिनला पासावर गेलो. पाच गाड्या बदलल्या, पहाटे निघून संध्याकाळी पोचलो, मधली एक गाडी रद्द झाली ते वेगळंच. जलद गाडीनं याच्या निम्म्या वेळात होतं. आम्ही कोल्हापूरची माणसं, रूळ आमच्या गावात संपतात, कुठंही जायचं तर आधी मिरज. गाडी बदलायची सवय आहे म्हणून टिकलो. तुम्ही महिनाभर आधी जलद गाडीचं स्वस्त तिकीट बघा.

कोलोन मात्र पासावरच. आरईनं तासाभराचं अंतर, स्टेशनाबाहेर पडलं की समोर 157 मीटरचं कॅथेड्रल. दक्षिणेच्या मनोऱ्याला 533 पायऱ्या आहेत. चढलो, वरून भरपूर व्हिडिओ काढले, मग भारतीय दुकानातून दहा किलो तांदूळ आणि तूरडाळ घेतली. परतीच्या गाडीत तपासनीस आला आणि माझा फोन बंद. पास फोनातच! त्यानं शांतपणे 60 युरोची पावती फाडली. आठवड्याच्या आत ऑफिसात जाऊन माझ्या नावाचा पास दाखवला, तेव्हा 7 युरोंवर सुटलो. आजीला फोनवर सांगितलं तर म्हणे, "कागदाचा घ्यायचा की!" तेव्हापासून पॉवर बँक बॅगेत. ओळखपत्रही जवळ ठेवा, पास दुसऱ्याला वापरायला देता येत नाही.

सायकल यात येत नाही, तिचं तिकीट वेगळं. रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळं किराणा शनिवारी आणि फिरणं रविवारी, असा आठवडा आपोआप बसतो.

आणखी एक. पास सत्राबरोबर संपतो. माझा 30 सप्टेंबरला संपला, विमान 2 ऑक्टोबरचं. दोन बॅगा ओढत फ्रँकफर्टला निघालो, सहा महिन्यांत पहिल्यांदा पैसे मोजून तिकीट काढलं, आणि त्या दिवशी तपासायला कुणीही आलं नाही.